गरम गिअरबॉक्स, गार कूलर

आमच्या ट्रकला क्लच नाही. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग नवऱ्याकडे, आणि शेवटी स्वतःच पायरीवर चढून आत डोकावतो. खाली दोनच पॅडल असतात, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. गिअर ट्रक आपला आपण बदलतो.

हा ट्रक आम्ही हौसेनं घेतला नव्हता. माझा नवरा लग्नाच्या आधीपासून ट्रक चालवायचा. मी अंबडच्या एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. एका पावसाळ्यात ताडपत्री बांधताना तो भरलेल्या गाडीवरून घसरून खाली पडला आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला, हळूहळू चालता यायला लागलं. पण क्लच दाबायचा म्हटलं की पाय थरथरायचा आणि मध्येच सुटायचा. डॉक्टर म्हणाले, "बाकी सगळं करा, पण हा पाय कामाला लावू नका."

त्यानंतरचे महिने तो घरीच होता. आमचं घर रस्त्याला लागून आहे. दुपारी मी शाळेतून आले की तो ओट्यावर बसलेला असायचा. जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून ती कितव्या गिअरमध्ये आहे, ड्रायव्हरनं गिअर उशिरा टाकला की वेळेवर, हे तो सांगायचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी भाजी निवडत ऐकून घ्यायची.

शहागडला हायवेच्या कडेला एका मेकॅनिकचं गॅरेज आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. नवऱ्याची त्यांच्याशी जुनी दोस्ती. एके दिवशी त्यांचा फोन आला. रस्त्याचं काम करणारी एक कंपनी काम संपवून आपल्या गाड्या विकत होती. त्यात पाण्याचा एक टँकर होता, ऑटोमॅटिक गिअरचा. "डाव्या पायाचं कामच न्हाई तिला," उस्ताद म्हणाले. "एकदा येऊन बस तर."

नवरा गेला, बसला, मैदानात एक चक्कर मारली. उतरल्यावर तो बराच वेळ गाडीच्या समोरच्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला. आम्ही ती गाडी घेतली, टाकी काढून मालाची बॉडी बांधली, डॉक्टरांचे आणि आरटीओचे सगळे सोपस्कार रीतसर पूर्ण केले. पहिल्या दिवशी तो गाडी काढून निघाला तेव्हा शेजारची माणसं ओट्यावर उभी राहून बघत होती.

वर्षभर ट्रक चांगला चालला. मग उन्हाळ्यात, मृगबहाराची मोसंबी भरून सोलापूरकडे जाताना, मांजरसुंब्याच्या घाटात डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला. त्या दिवशी रविवार होता म्हणून मीही बरोबर होते. दिव्यावर तेलाच्या थेंबाचं आणि तापमापकाचं चित्र होतं. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"गिअरबॉक्सचं तेल तापलं," तो म्हणाला. "साध्या गाडीत ड्रायव्हरचा पाय जे काम करतो ना, ते हिच्यात तेल करतं. चढाला सगळा जोर त्या तेलावर येतो. तेल लई तापलं की पातळ होतं, मंग गिअर धरत न्हाई."

आम्ही थांबलो, गाडी गार झाली, पुढे गेलो. पण त्यानंतर दर फेरीला घाटात तेच व्हायला लागलं. उस्तादांनी उपाय सांगितला. तेल गार करायला गाडीत रेडिएटरच्या पोटात एक छोटी सोय असतेच, पण ती आपल्याकडच्या उन्हाला पुरत नव्हती. बाहेरून एक जादा कूलर बसवायचा. तो कूलर म्हणजे जाळीची एक चपटी पेटी. ती रेडिएटरच्या पुढे बसते. दोन रबरी पाइप तिला जोडले जातात, एकातून गरम तेल येतं, दुसऱ्यातून गार होऊन परत जातं. समोरून वारा लागतो. सगळं ऐकायला सोपं होतं. उस्तादांनी सामान मागवलं आणि एका दिवसात काम करून दिलं. नवऱ्याला फार बरं वाटलं. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं मला समोरचं झाकण उचलून ती नवी कोरी पेटी दाखवली.

पुढच्या फेरीला दिवा घाटात लागला नाही. तो घाटाच्या खूप आधी, गेवराईच्या पुढे, सपाट रस्त्यावरच लागला. शिवाय गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवत पुढे जात होती. नवरा कसाबसा बीडपर्यंत गेला, दुसऱ्याच्या गाडीत माल भरून दिला आणि रिकामा परत आला.

"कूलर लावल्यावर जास्त तापतंय, असं कसं काय?" मी विचारलं.

"तेच तर कळून न्हाई राह्यलं," तो म्हणाला.

मग दुरुस्तीचे दिवस सुरू झाले. उस्तादांनी आधी तेलाची पातळी बघितली. नवा कूलर बसला की त्याच्या पोटातही तेल राहतं, म्हणून जादा तेल घालावं लागतं. ते त्यांनी घातलेलं होतं. तरी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना त्यांनी पुन्हा काडी बुडवून बघितली. पातळी बरोबर होती. मग फिल्टर बदलला. मग रेडिएटरची जाळी पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली. त्यातून माती, भुसा आणि किडे एवढे निघाले की आम्हाला वाटलं, सापडलं कारण. दोन दिवसांनी पुन्हा दिवा लागला. मग वाटलं दिवाच खोटं बोलतोय, म्हणून तापमान मोजणारा सेन्सर बदलला. नवा सेन्सरही तेच सांगायला लागला.

शेवटी त्यांनी केबिन पुढे कलवून उचलली, कूलरकडून परत येणारा पाइप काढून एका डब्यात सोडला आणि इंजिन चालू केलं. तेलाची चांगली अंगठ्याएवढी धार डब्यात पडायला लागली.

"देखो, भाभी," उस्ताद मला म्हणाले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथं गेले होते. "रस्ता बिलकुल साफ आहे. तेल बराबर फिरून राह्यलं. कूलरचा काहीच कसूर न्हाई."

ते खरंच होतं, मी डोळ्यांनी धार बघितली होती. पाइप परत जोडला, केबिन खाली घेतली, नवरा गाडी घेऊन निघाला, आणि गोदावरीचा पूल ओलांडून थोडं पुढे गेल्यावर त्याचा फोन आला. दिवा लागला होता.

गॅरेजशेजारी चहाची टपरी आहे. तिथं बसणाऱ्या ड्रायव्हर लोकांची मतं आता पक्की झाली होती. कुणी म्हणायचं, बाहेरचं सामान लावलं की गिअरबॉक्स जातोच. कुणी म्हणायचं, ऑटोमॅटिक गाडी आपल्या भागात चालतच नाही. जालन्याच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नवऱ्यानं चौकशी केली, तर तिथल्या माणसानं गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं. उस्ताद हे सगळं ऐकत होते. टपरीवर चहाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. कामावरच्या पोराला पाठवून चहा गॅरेजमध्येच मागवायचे.

त्या आठवड्यात एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "विकून टाकावं म्हणतो."

मी ताटातली भाकरी तशीच ठेवली. "आणि मग?"

"मंग काही न्हाई. बसीन."

मला तो ओट्यावरचा नवरा आठवला. मी म्हणाले, "उद्या मला सुट्टी आहे. मी येते तुमच्यासोबत. तो कूलर काढून टाकू, आधी होतं तसं करू. निदान घाटापर्यंत तरी जात होती ना गाडी?"

"उस्तादला काय सांगू? त्याला वाईट वाटंल."

"तुम्ही सांगू नका. मी सांगते."

सकाळी आम्ही शहागडला निघालो. गाडी रिकामी होती. ऊन चढायला लागलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापसाच्या वाळल्या पळाट्या रचून ठेवलेल्या होत्या. थोडं अंतर गेलो आणि दिवा लागला. रिकाम्या गाडीला लागला म्हणून नवऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं एका लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. तेल फिरत राहिलं तर लवकर गार होतं, असं उस्तादांनी सांगितलेलं होतं.

तो खाली उतरून झाडाच्या बुंध्याला टेकून बसला आणि गुडघा दोन्ही हातांनी चोळायला लागला. मी म्हटलं, "दुखतंय का?" तो म्हणाला, "न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाला, "पडलो ना, तेव्हा मला दुखलंच नव्हतं. वरून ताडपत्रीची दोरी लोंबत होती, ती मी बघत होतो. वाटलं, गाठ बरोबर बसली न्हाई, माल भिजंल." हे त्यानं मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसले. एक मोटारसायकलवाला थांबला, मदत पाहिजे का विचारून गेला.

मग मी उठले. काहीतरी करावं म्हणून समोरचं झाकण उचललं आणि ती चपटी पेटी बघायला लागले. इस्त्री तापली का ते बघताना आपण हाताची मागची बाजू जवळ नेतो, तसा मी हात आधी जवळ नेला. धग लागली नाही. मग बोट टेकवलं. मग सगळा तळवा ठेवला.

"अहो," मी म्हणाले, "हा तर गार आहे."

"कूलर आहे, गारच असणार," तो बसल्या जागेवरून म्हणाला.

"पण तेल उकळतंय म्हणता ना? उकळतं तेल ह्याच्यातून जात असेल तर हा कसा गार राहील? कढई गार आणि आतलं तेल गरम, असं कधी असतं का?"

तो झाडाला धरून उठला, लंगडत आला आणि त्यानंही हात ठेवला. मग आत लांबवर हात घालून गिअरबॉक्सकडून येणारा पाइप चाचपला. लगेच त्यानं हात मागे घेतला. "हा भाजतो," तो म्हणाला. मग पुन्हा पेटीवर हात ठेवला. "तेल इथपर्यंत येऊनच न्हाई राह्यलं. मधीच कुठंतरी अडतंय."

"पण त्या दिवशी तर एवढी मोठी धार पडत होती."

"हां," तो म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

गाडी गार झाल्यावर आम्ही हळूहळू शहागडला पोचलो. उस्ताद एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होते. बाहेर आले, हात पुसले. मी कूलर काढायचं बोलणारच होते, पण नवऱ्यानं आधीच सगळं सांगून टाकलं. कूलर गार, पाइप गरम. उस्तादांनी स्वतः समोर जाऊन हात लावला. मग ते गाडीपासून चार पावलं मागे गेले आणि सगळ्या गाडीकडेच बघत उभे राहिले.

"आपण धार बघितली तेव्हा गाडी कशी होती?" त्यांनी विचारलं.

"कशी म्हणजे? इथंच उभी होती," नवरा म्हणाला.

"केबिन कुठं होती?"

नवऱ्यानं कपाळावर हात मारला. मला अजून कळलं नव्हतं. मी विचारलं, "केबिनचं काय?"

उस्ताद मला समजावून सांगायला लागले. ट्रकची केबिन पुढच्या बाजूला कलते. इंजिनचं काही काम असलं की पंप मारून ती उचलायची, काम झालं की खाली घेऊन लॉक करायची. "आजतक जेवढ्या वेळा बघितलं, तेवढ्या वेळा केबिन वर करून बघितलं, भाभी. वर करून पाइप लावला, वर करून तपासला. आणि रस्त्यावर गाडी चालते ती केबिन खाली घेऊन."

मग त्यांनी केबिन उचलली. पाइप गोल, तुकतुकीत, कुठंही ओरखडा नव्हता. उस्तादांनी खिशातून पानाची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि पाइपाच्या वरच्या अंगाला जागोजागी फासला. केबिन खाली घेतली, लॉक केली, परत उचलली. आम्ही तिघंही वाकून बघितलं. केबिनच्या बुडाला एक लोखंडी पट्टी आहे. तिच्या कडेवर पांढऱ्या चुन्याचा बोटभर लांब ठसा उमटला होता.

मग उस्ताद म्हणाले, "अजून पक्कं करू." त्यांनी परतीचा पाइप काढून पुन्हा डब्यात सोडला. नवऱ्यानं तो डब्यात धरला, उस्तादांनी इंजिनजवळच्या बटणानं खालूनच इंजिन चालू केलं आणि मी बाजूला उभी राहिले. केबिन उचललेली होती तोवर धार अंगठ्याएवढी पडत होती. उस्ताद केबिन हळूहळू खाली घ्यायला लागले. धार करंगळीएवढी झाली. अजून खाली आल्यावर शेवईएवढी. केबिन लॉकात बसली तेव्हा डब्यात नुसते थेंब पडत होते. उस्तादांनी घाईनं मला वर चढून इंजिन बंद करायला सांगितलं.

रबर दबायचं आणि केबिन उचलली की परत फुगून गोल व्हायचं. म्हणून कधी खूणच राहत नव्हती. कूलर लावताना तेलाचा सगळा रस्ता त्या पाइपातून वळवलेला होता. त्यामुळे पाइप दबला की नव्या कूलरचा उपयोग नव्हताच, जुनी सोयही बंद पडत होती. म्हणून कूलर लावल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त तापत होती.

उस्ताद ओल्या फडक्यानं तो चुन्याचा ठसा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मीच लावला होता पाइप."

"मंग गाडी तर मीच चालवत होतो ना," नवरा म्हणाला. "मलाही दिसलं न्हाई. चल, आता चहा पाजतो का, का तोही मीच सांगू?"

उस्ताद हसले. त्यांनी चहा मागवला नाही, आम्हाला घेऊन टपरीवर गेले. तिथल्या एका ड्रायव्हरनं विचारलं, सापडलं का. उस्तादांनी त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं, पाइप आपणच लावला होता हेही सांगितलं. तो ड्रायव्हर म्हणाला, "मंग गिअरबॉक्स शाबूत आहे म्हणा की." आणि आपल्या बाकावर आम्हाला जागा करून दिली.

दुपारी काम झालं. रबरी पाइप त्या जागेतून काढून टाकला. त्याऐवजी चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, कडेनं लोखंडी नळी नेली, तिला जागोजागी पट्ट्या मारल्या, रबर फक्त दोन्ही टोकांना थोडंसं ठेवलं. पुन्हा तेल घातलं, पातळी बघितली. ह्या वेळी उस्तादांनी केबिन खाली घेऊन, लॉक करूनच धार तपासली. मग त्यांनी नवऱ्याला चक्कर मारायला पाठवलं आणि तो परत आल्यावर समोर जाऊन कूलरवर हात ठेवला. झटकन हात मागे घेऊन बोटं फुंकायला लागले आणि मला म्हणाले, "भाभी, आता लावून बघा हात!"

त्यानंतरच्या रविवारी आम्ही मोसंबी भरून निघालो. गेवराई गेली, बीड गेलं. मी समोरच्या दिव्याकडेच बघत होते. मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला तेव्हा नवऱ्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाडी वळणावर गुरगुरायची, थोडी दम धरायची, गिअर खाली घ्यायची आणि परत ओढायला लागायची. एरवी हे सगळं मला सारखंच ऐकू यायचं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की आता तिनं गिअर बदलला. मी म्हणाले, "दुसऱ्यात गेली ना?" नवऱ्यानं चकित होऊन माझ्याकडे बघितलं. "तिसऱ्यात," तो म्हणाला. "पण जवळ आलीस."

आम्ही घाट चढून वर आलो. दिवा लागला नाही. त्याचे स्टिअरिंगवर आवळलेले हात सैल झालेले मला दिसले.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मोकळ्या मैदानात गाडी शिकायला लागले. लहान गाडीचं लायसन्स माझ्याकडे आधीपासून होतं. क्लच नसल्यामुळे मला भीती निम्मीच वाटली. शिकवताना नवरा फार ओरडायचा, वर्गात मी कुणावर ओरडले नसेन एवढा. एकदा मी गाडी थांबवून म्हणाले, "असं शिकवलं तर पोरं शाळा सोडून जातील." तेव्हापासून तो जरा बरा शिकवायला लागला. पुढे रीतसर जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स काढलं, मग परीक्षा दिली. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, ट्रक कशाला?" मी म्हणाले, "घरचा आहे."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही टेंभुर्णीला खत उतरवून रिकामे परत येत होतो. दुपारची वेळ होती, रस्ता सरळ आणि मोकळा होता. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "घे आता तू." मी बसले, आरसे नीट केले आणि निघाले. पहिले काही किलोमीटर तो सूचना देत होता, समोर बैलगाडी आहे, हळू घे, हॉर्न दे. मग त्याचं बोलणं कमी झालं. एका गावातून बाहेर पडल्यावर मी काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर आलं नाही. बघते तर तो खिडकीला डोकं टेकून झोपला होता. दुसरं कुणी चालवत असताना तो गाडीत झोपलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. मी हॉर्न न वाजवता, वेग जरा कमी करून, डाव्या बाजूनं गाडी नेत राहिले.